वायुभार आणि धुके



वसंत व्याख्यानमालेत, ऐन उकाड्याच्या दिवसांत, धुक्यासारखा विषय घ्यावा ह्याचे आपल्यापैकी कित्येकांस नवल वाटले असेल. परंतु आम्ही तो ह्या दिवसांत मुद्दाम घेतला आहे. धुक्यात सापडलेल्या माणसाला धुक्याचा विचार करण्यास सवड नसते. त्याला पुढची चार पावले दिसली म्हणजे पुरे असते. विचार करावयाचा तो आकाश स्वच्छ असताना. शिवाय ह्या पुण्यनगरीत हवेविषयी चार शब्द बोलण्यास आणखी एक निमित्त आहे. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी येथे वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. पुढे १९२८ साली त्या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकरांनी 'सिमला ऑफिस' हे नाव देऊन टाकले. तेव्हा ज्ञानसत्र आणि हवामान ह्या दोघांचे गोत्र ह्या गावात तरी एकच आहे.

धुके का पडते, असे कोणालाही विचारा. दहांतले नऊ जण सांगतील की, थंडी पडते म्हणून. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. थंडी हेच जर कारण असेल, तर जितकी थंडी अधिक तितके धुके दाट असावयास हवे. अनुभव तसा नाही. डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत आपल्या पठारावर कित्येक रात्री चांदण्या लखलखत असतात आणि धुक्याचा मागमूस नसतो. उलट ऐन पावसाळ्यात, थंडी नसताना, महाबळेश्वरी हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. उत्तरेत तर असे घडते की, लागोपाठच्या दोन रात्री पारा सारखाच उतरतो. पैकी एका रात्री गाड्या सुरळीत धावतात आणि दुसऱ्या रात्री साऱ्या प्रांताची वाहतूक खोळंबते. ह्या दोन रात्रींत फरक कोणता? तो तापमापकात सापडत नाही. तो सापडतो हवेच्या दाबाच्या नकाशावर. हा नकाशा कसा वाचावा आणि त्याचा आपल्या जिवाशी काय संबंध आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम धुके म्हणजे काय ते पाहू. जमिनीला टेकलेला ढग म्हणजे धुके, ही व्याख्या सोपी आणि खरीही आहे. हवामानशास्त्रात, दृष्टीचा पल्ला एक किलोमीटरच्या आत आला म्हणजे त्याला धुके म्हणतात. त्याहून अधिक अंतरावरचे दिसत असेल तर ते नुसते धुकट. पल्ला २०० मीटरच्या आत आला की दाट धुके, आणि ५० मीटरच्या आत आला की अतिदाट. धुक्याचा थेंब बहुधा केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा असतो. तो पडतो, पण सेकंदाला सेंटिमीटरभर. म्हणून तो तरंगतो आहे असेच आपणांस वाटते. आणि ह्या सगळ्या पसाऱ्यात पाणी किती असते? समजा, हा मंडप ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे आणि तो दाट धुक्याने भरला आहे. त्यातले सगळे पाणी एकत्र केले तर एका तांब्यात मावेल. तांब्याभर पाण्याने समोरचा वक्ता दिसेनासा व्हावा, ही त्या पाण्याची करामत नसून त्याच्या बारीक वाटपाची करामत आहे.

हे पाणी येते कोठून? हवेतल्या अदृश्य बाष्पातून. हवा जितकी उष्ण तितके बाष्प तिच्यात अधिक राहू शकते. ३० अंशांवर एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांवर १७, १० अंशांवर ९ आणि शून्य अंशावर ५ ग्रॅमच्या आत, असा तो हिशेब आहे. हवा निवत गेली की एक वेळ अशी येते की, असलेले बाष्प तिच्यात काठोकाठ भरते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. त्याच्याखाली हवा आणखी निवली की जास्तीचे बाष्प पाणी होऊन बाहेर पडते. पण त्यालाही बसावयास जागा लागते. ती जागा म्हणजे हवेतले धूलिकण, धुराचे कण, मिठाचे कण. स्कॉटलंडमधील जॉन एटकेन ह्याने १८८०च्या सुमारास हे प्रयोगाने दाखविले. त्याने एका पात्रात साधी हवा घेतली, दुसऱ्यात कापसातून गाळलेली हवा घेतली आणि दोहोंत वाफ सोडली. साध्या हवेचे पात्र धुक्याने भरले. गाळलेल्या हवेचे पात्र स्वच्छच राहिले. धुक्याच्या प्रत्येक थेंबाच्या पोटात असा एखादा कण असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

आता हवेच्या दाबाकडे वळू. आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्याला वजन आहे. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर हा भार सुमारे एक किलोग्रॅम भरतो. १६४३ साली टॉरिचेली ह्या इटालियन पंडिताने तो पाऱ्याने तोलून दाखविला. सरासरी भार ७६ सेंटिमीटर उंचीच्या पाऱ्याएवढा असतो. हवामान खाते तो मिलिबारमध्ये, म्हणजेच आजच्या भाषेत हेक्टोपास्कलमध्ये सांगते. सरासरी आकडा १०१३.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की दाब वाढला म्हणजे हवा पिळली जाते आणि ओल्या पंचाप्रमाणे तिच्यातून पाणी निथळते. तसे मुळीच नाही. हवा दाबली तर ती तापते. सायकलच्या टायरात हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते ते ह्यामुळेच. आणि तापलेली हवा बाष्प सोडीत नाही, आणखी घेऊ शकते. दुसरे असे की, हवेतल्या ज्या दाबफरकांची वर्तमानपत्रांत वार्ता येते ते फरक असतात दहा-वीस मिलिबारांचे. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढून जाणाऱ्या माणसावरचा भार दोन तासांत सुमारे ७० मिलिबारांनी उतरतो. त्याला धाप लागते ती चढामुळे, भार उतरल्याचे त्याला कळतही नाही. मग दहा-वीस मिलिबारांना एवढे महत्त्व का? कारण आकडा महत्त्वाचा नाही, मांडणी महत्त्वाची आहे. हजारो चौरस किलोमीटरांच्या प्रदेशात दाब कोठे जास्त, कोठे कमी आणि उतार कोणत्या बाजूला, ह्यावर हवा कोठे चढेल, कोठे उतरेल, वारा सुटेल की पडेल, हे सारे ठरते.

निरनिराळ्या ठाण्यांवरचे दाब समुद्रसपाटीच्या हिशेबात आणून नकाशावर मांडतात आणि सारख्या दाबाची ठिकाणे रेषांनी जोडतात. ह्या समभार रेषा. त्या दाटीवाटीने असतील तेथे वारा जोराचा. फाकलेल्या असतील तेथे मंद. ज्या रिंगणाच्या मध्याशी दाब कमी ते आवर्त. तेथे चहूंकडून हवा आत येते, वर चढते, चढताना निवते, आणि ढग व पाऊस होतो. ज्या रिंगणाच्या मध्याशी दाब जास्त ते प्रत्यावर्त. तेथे वरून हवा खाली उतरते आणि जमिनीजवळ चहूंकडे पसरते. आवर्ताची गाणी, वादळांच्या कथा सर्वांना ठाऊक असतात. प्रत्यावर्ताविषयी कोणी फारसे बोलत नाही, कारण तेथे काहीच घडत नाही असे दिसते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा 'छान'. जुन्या तबकडीच्या वायुभारमापकावर अशा वेळी काटा 'उत्तम हवा' ह्या शब्दांवर येऊन थांबतो. आणि धुक्याची खरी पैदास ह्याच उत्तम हवेत होते!

ती कशी होते ते तीन टप्प्यांनी सांगता येईल.

पहिला टप्पा आकाशाचा. प्रत्यावर्तात वरून उतरणारी हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. तापल्यामुळे तिच्यातले ढग विरून जातात. ढग म्हणजे पृथ्वीचे पांघरूण. दिवसा सूर्यापासून घेतलेली उष्णता जमीन रात्री अवकाशात परत सोडीत असते; ढग असले की ते त्यातली बरीचशी अडवून परत करतात. पांघरूण निघाले की जमीन झपाट्याने निवते, आणि तिला टेकलेली हवाही तिच्याबरोबर निवते. विल्यम चार्ल्स वेल्स ह्या वैद्याने दवावरच्या आपल्या १८१४च्या निबंधात ही गोष्ट सिद्ध केली.

दुसरा टप्पा वाऱ्याचा. प्रत्यावर्ताच्या मध्याशी समभार रेषा फाकलेल्या असतात, म्हणून वारा मंद असतो. वारा जोराचा असला तर तो तळाची गार हवा वरच्या ऊबदार हवेत घुसळून टाकतो आणि दवबिंदू गाठलाच जात नाही. पण वारा अजिबात नसला तरीही धुके चांगले धरत नाही; गारवा बोटभर थरात कोंडतो आणि बाष्प गवतावर दव होऊन बसते. अगदी झुळूक हवी, सेकंदाला मीटर-दीड मीटर चालणारी. ती गारवा हळूहळू वर पसरविते आणि दहा, वीस, पन्नास मीटरांचा थर धुक्याने भरतो. ताक घुसळणाऱ्या बाईलाच ठाऊक असते की रवी किती जोराने फिरवली म्हणजे लोणी येते आणि किती जोराने फिरवली म्हणजे ते मोडते. धुक्याचेही गणित तसेच नाजूक आहे.

तिसरा टप्पा झाकणाचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. एरवी जसजसे वर जावे तसतशी हवा गार होते. प्रत्यावर्तात उलटे घडते. वरून उतरणारी हवा जमिनीपर्यंत पोचत नाही. काहीशे मीटरांवरच ती आडवी पसरते. ती तापलेली असते. खालची हवा मात्र जमिनीमुळे निवलेली असते. म्हणजे खाली गार आणि वर गरम, अशी मांडणी होते. भूगोलाच्या पुस्तकांत हिला तापमानाची विपरीतता म्हणतात. बंबातले कढत पाणी बादलीतल्या गार पाण्यावर अलगद सोडून पाहावे. ते वरच राहते. हात घालून ढवळल्याशिवाय मिसळत नाही. तसेच हवेचे. हलकी गरम हवा वर, जड गार हवा खाली, आणि ढवळणारा हात, म्हणजे वारा, तेथे नाही. खालचे बाष्प वर जाऊ शकत नाही. पातेल्यावर ताट झाकावे तसे सगळ्या प्रदेशावर झाकण बसते. धुके पडते ते ह्या झाकणाखाली, आणि टिकते तेही ह्या झाकणामुळे.

थोडक्यात, थंडी ही धुक्याची दाई आहे. पण ज्या घरात ते जन्मते आणि वाढते ते घर स्तब्ध हवेचे, आणि ते बांधते प्रत्यावर्त.

ह्याचे जगातले सर्वांत भव्य उदाहरण पाहावयास परदेशी जावे लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाकिस्तानच्या पंजाबपासून दिल्ली, कानपूर, पाटणा ह्यांवरून थेट बांगलादेशापर्यंत हिमालयाच्या पायथ्याला समांतर असा धुक्याचा पांढरा पट्टा पसरतो. त्याची लांबी हजार-दीड हजार किलोमीटर भरते. उपग्रहाच्या चित्रांत तो कापसाच्या पेळूसारखा दिसतो. त्याचा जन्म असा. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक पूर्वेकडे सरकत येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. विक्षोभ आला की काश्मीर-हिमाचलात बर्फ पडते आणि पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात पाऊस शिंपडला जातो. त्या रात्री आभाळ असते, वारा असतो, धुके नसते. विक्षोभ पुढे सरकतो आणि त्याच्या पाठीमागे जास्त दाबाची पाठ उभी राहते. आभाळ निवळते. वारा पडतो. जमीन मात्र ओली असते. गव्हाची शेते कालव्याच्या पाण्यानेही भिजलेलीच असतात. पहिल्या रात्री थोडे धुके, दुसऱ्या रात्री दाट, तिसऱ्या रात्री अतिदाट. प्रारंभी ज्या दोन सारख्या थंडीच्या रात्रींचे कोडे आम्ही घातले होते, त्याचा उलगडा हा आहे. पारा सारखाच, पण एक रात्र विक्षोभाची आणि दुसरी त्याच्या मागून आलेल्या प्रत्यावर्ताची.

एकदा असे धुके जाड झाले की ते स्वतःला सांभाळू लागते. त्याचा पांढरा माथा सूर्यप्रकाश परत फेकतो. त्या दिवसांत सूर्यही तिरपा असतो. जमीन तापत नाही, म्हणून झाकण मोडत नाही, म्हणून धुके हटत नाही. अशा वेळी चमत्कार असा की डोंगरावर सिमल्याला लोक उन्हात बसलेले असतात आणि खाली अंबाल्याला दुपारी दिवे लावावे लागतात. झाकणाच्या वरच्यांना ऊन आणि खालच्यांना हुडहुडी! इकडून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या ह्या दिवसांत दहा-दहा तास रखडतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी सोसलेले आहे. इंजिन चालविणाऱ्याला पुढचा सिग्नल जवळ आल्याचे कळावे म्हणून रुळांवर फटाके बांधण्याची रेल्वेची जुनी रीत आहे; चाकाखाली तो फुटला की चालक सावध होतो. आता त्याच्या जोडीला उपग्रहांच्या साह्याने ठिकाण सांगणारी यंत्रेही आली आहेत. विमानांना योग्य यंत्रणा असल्यास अवघ्या ५० मीटरांच्या पल्ल्यातही दिल्लीला उतरता येते. परंतु हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्याजवळ असे काही नसते. त्याला समोरच्याचा लाल दिवा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि एका मागोमाग एक वाहने आदळल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

मग आपल्या महाराष्ट्रात असे का होत नाही? हिवाळ्यात जास्त दाबाचा प्रभाव दख्खनच्या पठारापर्यंत पोचतो. आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, रात्री गार असतात. तिन्ही टप्पे जमून येतात. पण हवाच कोरडी असते. झाकण आहे, पातेले आहे, आत शिजविण्यास काही नाही, असा तो प्रकार. परंतु बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचे दमट वारे आत आले, किंवा अवेळी पाऊस होऊन लगेच आभाळ निवळले, की आपल्याकडेही नदीकाठची गावे धुईत बुडतात. विशेषतः सखल जागी हे लवकर घडते, कारण गार हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उतारावरून खाली जमते. पुण्यात पाषाण-शिवाजीनगरचा पारा लोहगावपेक्षा कित्येकदा खाली उतरलेला असतो. अशा सकाळी शहरी माणूस टेकडीवर फिरावयास जातो आणि दृश्य सुंदर म्हणतो. पण नाशिककडचा द्राक्षबागाईतदार डावणी येणार म्हणून फवारणीच्या तयारीला लागतो आणि कोकणातला आंबेवाला मोहोरावर भुरी चढेल म्हणून कासावीस होतो. त्यांच्या वर्षाची कमाई त्या दोन-तीन सकाळींत अडकलेली असते.

पावसाळ्यात महाबळेश्वरी, आंबोलीला जे धुके असते त्याची कुळी मात्र अगदी वेगळी आहे. त्या दिवसांत कमी दाब राजस्थान-पाकिस्तानच्या तापलेल्या भूमीवर असतो आणि जास्त दाब दूर दक्षिणेस, हिंदी महासागरात मस्कारीन बेटांजवळ असतो. ह्या उतारावरून धावत आलेले वारे सह्याद्रीवर आदळतात, चढतात, निवतात आणि ढग होतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच. ते त्या ढगाच्या पोटातच येते. ते धुके वाऱ्यात टिकते, वाऱ्यानेच आणलेले असते. एक धुके कमी दाबाच्या ओढीने चढलेले, दुसरे जास्त दाबाच्या झाकणाखाली बसलेले. दोघे दिसतात सारखे, स्वभावाने उलटे.

तिसरी जात समुद्री धुक्याची. ऊबदार दमट हवा गार पाण्यावरून वाहिली की हे धुके पडते, आणि ती तेथून वाहील की नाही हे पुन्हा दाबाची मांडणीच ठरविते. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर हिमनगांवर नजर ठेवण्यासाठी १९१३ साली 'स्कोशिया' नावाचे जहाज उत्तर अटलांटिकमध्ये पाठविण्यात आले. त्यावर जेफ्री टेलर हा तरुण शास्त्रज्ञ होता. न्यूफाउंडलंडजवळच्या धुक्यात त्याने जहाजावरून पतंग उडविले आणि त्यांना बांधलेल्या उपकरणांनी वरच्या हवेचे तापमान मोजले. धुक्यात खाली गार आणि वर गरम अशीच मांडणी त्याला आढळली. अमेरिकेच्या सान फ्रान्सिस्को शहरात तर भर उन्हाळ्यात लोक कोट घालतात. पश्चिमेस पॅसिफिकवर जास्त दाब, किनाऱ्याला खालून वर आलेले गार पाणी, आणि पूर्वेस तापलेल्या खोऱ्यावर कमी दाब. त्यामुळे समुद्रावरचे धुके गोल्डन गेटच्या खिंडीतून आत खेचले जाते आणि त्या प्रसिद्ध पुलाचे मनोरे तेवढे वर तरंगताना दिसतात.

येथपर्यंत आम्ही पाण्याच्या धुक्याविषयी बोललो. त्याने माणूस वाट चुकतो, गाडी रखडते, क्वचित अपघात होतो. परंतु जे झाकण बाष्प कोंडते ते आणखीही काही कोंडते. ह्या गोष्टीची जगाला खरी ओळख १९५२ साली लंडनमध्ये झाली.

त्या वर्षी ५ डिसेंबरला, शुक्रवारी, एक प्रत्यावर्त दक्षिण इंग्लंडवर येऊन थबकले. थंडी होती, वारा पडला होता. थेम्सच्या खोऱ्यावर झाकण बसले ते शहराच्या माथ्यावर जेमतेम शे-दोनशे मीटरांवर. घराघरांतून दगडी कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या. थंडी म्हणून त्या अधिकच पेटल्या. वीजघरांच्या आणि कारखान्यांच्या चिमण्या चालूच होत्या. हा सगळा धूर, दररोज सुमारे हजार टन, वर जाण्याऐवजी त्या झाकणाखाली साठू लागला. कोळशातल्या गंधकाचा वायू धुक्याच्या थेंबांत विरघळून त्याचे गंधकाम्ल झाले. धुके पांढरे राहिले नाही. पिवळे आणि काळे झाले. बसच्या पुढे कंडक्टर हातात दिवा घेऊन चालू लागले; पुढे बसही बंद झाल्या. एका नाट्यगृहात धुके आत शिरल्यामुळे संगीतिका अर्ध्यावर थांबवावी लागली. पाच दिवस हे चालले. मंगळवारी, ९ तारखेस, वारा सुटला आणि लंडनने श्वास घेतला.

पण ज्यांना श्वास घेता आला नाही त्यांची मोजदाद नंतर झाली. एरवीपेक्षा सुमारे ४००० माणसे अधिक दगावल्याचे त्या वेळी अनुमान निघाले. बहुतेक वृद्ध, तान्ही मुले आणि छातीचे रोगी. त्यापुढच्या महिन्यांतले मृत्यूही धरून अलीकडच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,०००पर्यंत नेला आहे. एवढी माणसे दगावली, आणि कोठे घर पडले नाही, झाड मोडले नाही. वादळाचा बळी पाहणाऱ्याला दिसतो. स्तब्ध हवेचा बळी खाटेवर, खोकत, एकटा जातो. असेच प्रसंग आधी बेल्जियममधल्या म्यूज खोऱ्यात १९३०च्या डिसेंबरात आणि अमेरिकेतल्या डोनोरा गावी १९४८च्या ऑक्टोबरात घडले होते. पहिल्यात साठांवर आणि दुसऱ्यात वीस माणसे गेली. तिन्ही ठिकाणी मांडणी एकच होती: खोरे, जास्त दाब, पडलेला वारा, झाकण आणि धूर. मराठीत धूर आणि धुके मिळून 'धुरके' असा नेमका शब्द आपण केला आहे.

लंडनकरांनी ह्यातून काय केले, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. प्रत्यावर्त हटविणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी धूर हाती घेतला. १९५६ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वच्छ हवेचा कायदा केला. शहरांत धूरबंद विभाग आखले गेले. शेगड्या बदलण्यासाठी घरमालकांना पैशाचे साह्य मिळाले. १९६२च्या डिसेंबरात लंडनवर पुन्हा तशीच हवा आली, दाट धुके पडले. माणसे तेव्हाही दगावली. परंतु आकडा हजारांत नव्हता, शेकड्यांत होता. दाब तोच, झाकण तेच. झाकणाखाली शिजत होते ते कमी झाले होते.

आता एटकेनच्या त्या दोन पात्रांची आठवण करावी. धूर अधिक म्हणजे कण अधिक. कण अधिक म्हणजे थेंब अधिक व बारीक. आणि थेंब बारीक म्हणजे धुके अधिक गडद व अधिक काळ टिकणारे. म्हणजे धूर धुक्याचा केवळ सोबती नाही, तो त्याला वाढवितोही. उत्तरेतल्या धुक्याचे आजचे रूप समजून घेताना दाबाबरोबर ह्या कणांचाही हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब मांडण्यात ह्या शहराचा वाटा मोठा आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. १९३२ साली पुण्याच्या वेधशाळेतील डॉ. एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन ह्यांनी दाखविले की, निरभ्र आणि निवांत रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते, ती जमिनीच्या वर वीत-दोन वितींवर असते. परदेशी विद्वानांना हे प्रथम पटेना. मोजण्यातच काही चूक असावी असे त्यांस वाटले. पुढे इतरत्रही तेच आढळले, आणि आज त्या थराला 'रामदास थर' म्हणून ओळखतात. १९६२ साली स्थापन झालेल्या येथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवामान खात्याच्या व इतर संस्थांच्या साह्याने २०१५-१६च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा सविस्तर अभ्यास आरंभिला. जमिनीची ओल, हवेचे निरनिराळ्या उंचींवरचे तापमान, वारा, थेंबांचा आकार, कणांचे रसायन, सारे तेथे मोजले गेले. उद्या धुके पडेल की नाही हे आता बऱ्याच विश्वासाने सांगता येते, कारण दाबाचा नकाशा दोन-चार दिवस आधी वाचता येतो. ते किती वाजता धरेल आणि किती वाजता उठेल हे सांगणे मात्र अजून कठीण आहे. सेकंदाला अर्धा मीटर वारा कमीजास्त झाला तरी सारे गणित फिरते.

तरी सामान्य नागरिकाला उपयोगी पडेल असे काही आडाखे आपण घरबसल्याही बांधू शकतो. पाऊस होऊन गेला आहे, संध्याकाळी आभाळ निवळले आहे, वारा पडला आहे, आणि दूरच्या चुलीचा धूर सरळ वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो आहे, असे दिसले तर समजावे की झाकण बसले आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे लांबचा प्रवास असेल तर तो ऊन पडेपर्यंत पुढे ढकलावा. घरात दम्याचा रोगी असेल तर त्याला पहाटेच्या फेरीला पाठवू नये. 'सकाळची शुद्ध हवा' ही म्हण अशा दिवशी खरी नसते. आणि त्याच संध्याकाळी आपल्या अंगणातला पालापाचोळा, गल्लीतला कचरा किंवा शेतातले उसाचे पाचट पेटवू नये. वारा असतो त्या दिवशी तो धूर उडून जातो. झाकण असते त्या दिवशी तो जातच नाही. तो शेजाऱ्याच्या तान्ह्या मुलाच्या छातीत उतरतो. हिवाळ्यातल्या पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढून गेलेल्यांनी शहरावर अंथरलेला तपकिरी थर पाहिला असेल. तो थर निसर्गाने आणलेला नाही. निसर्गाने फक्त झाकण ठेवले आहे. खालचे जळण आपले आहे.

आपल्या पूर्वजांनी वायूला देव मानले ते त्याच्या जोरामुळे. आज असे म्हणावेसे वाटते की, वायूचा धाक तो वाहतो तेव्हा जेवढा बाळगावा तेवढाच तो थांबतो तेव्हाही बाळगावा. वादळाची सूचना मिळाली की आपण दारे-खिडक्या लावतो, होड्या वर ओढतो. जास्त दाबाची, निरभ्र आकाशाची आणि पडलेल्या वाऱ्याची सूचना मिळाली की आपण चुली, भट्ट्या आणि गाड्या आवरावयास शिकले पाहिजे. हवामान खात्याच्या वार्तेत धुक्याचा इशारा आला की त्याचा अर्थ केवळ 'गाडी सावकाश हाका' एवढाच नाही. आज शहरावर झाकण आहे, तेव्हा खाली जपून राहा, असा तो निरोप आहे. तो वाचण्यास फार मोठी विद्या लागत नाही. ती जेवढी लागते तेवढी आज आपल्यापुढे मांडण्याचा आम्ही प्रयत्न केला.